आक्काबाईची अट

आक्काबाई माझी सख्खी आत्या. माहेर चिखलीतच, वरच्या आळीत, आमच्याकडे. सासर खालच्या आळीत. मधली विहीर दोन्ही आळ्यांच्या सामाईक मालकीची. तिथल्या पाण्याच्या पाळीवरून चोपन्न साली माझा थोरला भाऊ हिंदुराव आणि आत्याचा मुलगा चिमाजी भिडले. हिंदुरावच्या कोयत्यानं चिमाजीचा उजवा हात मनगटापासून गेला. भावाला तीन वर्षं येरवडा झाला. चिमाजी रिकाम्या हातानं उभा होता, अशी साक्ष आत्यानंच दिली होती.

सत्तावन्नच्या चैत्रात हिंदुराव सुटणार होता. त्यानं गावात पाय ठेवला की त्याला तोडायचं, असं खालच्या आळीत उघड बोललं जात होतं. मी तेव्हा पिंपरीच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो. शिफ्ट संपली की सायकल हाणत घरी यायचो आणि आबांशेजारी, म्हणजे माझ्या वडिलांशेजारी, मुकाट बसायचो. रागानं अन्न गोड लागत नव्हतं.

खेडहून पुढारी आले. हार, चहा, गळाभेट सगळं झालं. दुसऱ्या दिवशी आमच्या कांद्याचा पाट फोडलेला. असला समेट गेला खड्ड्यात.

मग आत्या उठली. भर दुपारी तिनं आबांना आणि चिमाजीला विहिरीवर समोरासमोर बसवलं. दोन्ही आळ्या भोवती जमल्या. तिची अट एकच: आपलं गाऱ्हाणं कुणी मांडायचं नाही. समोरच्याचं मांडायचं, आणि तो ‘व्हय, असंच’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मला वाटलं.

आबांनी दातओठ खात सुरुवात केली. चिमाजीचा हात गेला, म्हणाले. तेवढ्यानं चिमाजी मानेना. मग आबा सांगत गेले. नांगर धरता येत नाही. ठरलेलं लग्न मोडलं. डाव्या हातानं जेवावं लागतं म्हणून पोरगा पंगतीला जात नाही. तेव्हा कुठे चिमाजी ‘व्हय, असंच’ म्हणाला.

आता पाळी त्याची. पाट फोडला, कांदा वाळवला, हे त्यानं भडाभडा सांगून टाकलं. आबांची मान हलेना.

“पहिली कुऱ्हाड मी उगारली व्हती,” चिमाजी म्हणाला.

मी त्याच्या अंगावर धावलो. आबांनी मला दंडाला धरून खाली बसवलं आणि बहिणीकडे वळले.

“आक्का, हिंदुरावचं गाऱ्हाणं ऱ्हायलं. त्ये तू मांड.”

आत्याचा चेहरा पडला. पण अट तिचीच होती.

“माज्या आत्यानं कुऱ्हाड बघितली व्हती,” ती हिंदुराव होऊन बोलली. “आन् कोर्टात खोटं सांगितलं. माजी तीन वर्सं तिनं खाल्ली.”

“व्हय, असंच,” आबा म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता घरी निघाले.

हिंदुरावला आणायला चिमाजी स्वतः येरवड्याला गेला. भावाच्या केसालाही कुणी धक्का लावला नाही. गाव आत्याला शहाणी म्हणू लागलं. आमच्या घरात तिला पुन्हा कुणी पाण्याचा तांब्या दिला नाही. ती मरेपर्यंत हिंदुराव तिच्याशी बोलला नाही, मीही नाही. माझा भाऊ जगला तो तिच्यामुळेच, आणि हे मला अजून सहन होत नाही.