प्रेमदासची टाकी

प्रेमदास मिस्त्री का झाला नाही, याची कारणं हिंगणघाटात लोक वेगवेगळी सांगतात. खरं कारण मी आहे.

हिंगणघाट ते गिरड पुंडलिकरावांची एक मोटार धावते. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली, वर लाकडी सांगाडा चढवलेली. बंडूजी ड्रायव्हर, मी नरहर तिकिटं फाडणारा, आणि प्रेमदास क्लीनर. क्लीनर आपलं म्हणायला. मोटार समजायची ती त्यालाच. बंडूजींना ती फक्त चालवता येते, तीही उतारावर बरी. आठ वर्षं प्रेमदासनं तिच्याखाली पाठ घासली, तरी त्याला हाक मारायची ती 'अबे' अशीच.

छप्पन्नच्या दसऱ्याला तो बायकोला, पंचफुलाला घेऊन नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परतला. काम तेच, पगार तोच. फक्त 'अबे' म्हटलं की तो लगेच वळेनासा झाला. एवढंही पुष्कळांना खुपलं. मलाही खुपलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या उन्हाळ्यात मोटारीची पेट्रोलची टाकी गंजून तिची चाळण झाली. गंजाचे पापुद्रे नळीत अडकायचे, दर दोन मैलांवर मोटार बंद पडायची, आणि प्रेमदास नळी तोंडात धरून फुंकत बसायचा. नवी टाकी नागपुरातही मिळेना. गिरडची यात्रा पंधरा दिवसांवर आली, तेव्हा तो म्हणाला, "मालक, मी बनवून देतो."

"तू?"

"बनली त मले मिस्त्री करा. नाई बनली त काढून टाका."

पुंडलिकरावांनी चार माणसांसमोर हो म्हटलं.

प्रेमदासनं तेलाचा रिकामा ड्रम उभा चिरून पत्रा सपाट केला. रुळाच्या तुकड्यावर ठोकून कडा दुमडल्या, रिबिटा मारल्या, जोडांवर कथिल ओतलं. पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत भोकं पाडलेले दोन पत्रे उभे केले. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जुनी टाकी कापून त्यानं आतलं पाहून घेतलं होतं. मग सगळ्या जोडांना बाहेरून चुना फासला, आत रॉकेल भरलं आणि टाकी आपल्या घरात बाजेवर ठेवली.

"सुईच्या टोकाएवढं जरी गळलं, त चुन्यावर डाग उमटते, नरहरभाऊ," तो म्हणाला.

तीन दिवसांनी मालकांनी मलाच पाहायला पाठवलं. चुना पांढरा स्वच्छ होता, एक डाग नाही. आमच्या घरचे मिस्त्री झाले, असं पंचफुलानं तोवर वस्तीभर सांगूनही टाकलं होतं.

यात्रेच्या दिवशी सकाळी टाकी बसली. मालकांनी प्रेमदासच्या पुढे नारळ केला. "फोड चाकाजवळ."

"मी आता हे करत नाई, मालक. माफ करा."

बोलला तो नम्रपणेच. पण मालकांचं तोंड उतरलं, आणि नारळ बंडूजींनी फोडला.

मालकांची आई, यशोदाबाई, नवस फेडायला त्याच मोटारीनं गिरडला निघाल्या होत्या. सगळे चहाला गेल्यावर त्यांनी मला खूण करून बोलावलं. हातात तांब्या होता. विहिरीचं पाणी, त्यात गंगाजळाचे चार थेंब आणि वर तुळशीपत्र.

"टाकी त्याच्या हातची, वरून नारळालेही नाई म्हणे. शुद्ध करून घेतो बाप्पा. झाकण उघड."

पेट्रोलमध्ये पाणी चालत नाही, हे मला प्रेमदासनंच शिकवलं होतं. मी झाकण उघडलं आणि एवढंच म्हणालो, "थोडंसंच टाका जी." त्यांनी अख्खा तांब्या पालथा केला. मी झाकण लावलं.

समुद्रपूरच्या अलीकडे मोटारीनं दोन गचके दिले आणि ती उभी राहिली. भर उन्हात माणसं पोरंबाळं घेऊन पायी निघाली. प्रेमदासनं टाकीचं खालचं बूच काढून डब्यात पेट्रोल घेतलं. तळाशी पाणी, आणि पाण्यात तुळशीचं पान. ते बोटावर घेऊन त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उगाच तिकिटं चाळू लागलो. पाणी काढून मोटार सुरू केली ती त्यानंच.

संध्याकाळी मालकांच्या ओट्यासमोर निवाडा झाला.

"टाकीत पाणी गेलं, म्हणजे टाकी गळकी," मालक म्हणाले.

"गळकी असती त पेट्रोल बाहेर आलं असतं, मालक. पानी आत कसं जाईन? आन् हे पान कुठून आलं?"

मालक भडकले. "तुळस टाकून देवाची टिंगल करून राह्यला काय बे? नारळ याच्यासाठीच नाई फोडला?"

प्रेमदास माझ्याकडे वळला. "नरहरभाऊ, सकाळी तुम्हीच गाडीजवळ होते. सांगा न."

यशोदाबाई ओट्यावर जपमाळ ओढत होत्या. त्यांचा एक मणीही चुकला नाही.

"पाह्यलं का बे तू काही?" मालकांनी मला विचारलं.

मला बायको होती, दोन पोरी होत्या, आणि माझी नोकरी त्या बाईंच्या एका शब्दावर होती. मी म्हणालो, "नाई जी."

प्रेमदासला त्याच वेळी काढलं. टाकी मात्र काढली नाही! तिला आता दोन वर्षं होतील, थेंबभर गळलेली नाही. नागपूरहून खास करून आणली, असं मालक सांगतात आणि ऐकणारे माना डोलवतात. प्रेमदासला दुसऱ्या कुणा मोटारवाल्यानं उभं केलं नाही. देवाची टिंगल करणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. तो कापसाच्या बाजारात हमाली करतो. असा हात पंचक्रोशीत दुसरा नाही, आणि तो गठाणी ढकलतो. आठवलं की माझी मलाच चीड येते.

गेल्या पोळ्याला यशोदाबाई वारल्या. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. केवढा शूर मी! कापसाचा हंगाम सुरू झाल्यावर बाजारात जाऊन प्रेमदासला गाठलं आणि सगळं सांगितलं. तांब्या, तुळस, झाकण. चुकलो म्हणालो. डोळ्यांत पाणीही आणलं.

त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं.

"हे मले काऊन सांगता, नरहरभाऊ? मले त त्याच दिवशी समजलं होतं. मालकाले सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

त्याला सहा महिने झाले. रोज सकाळी मी मालकांकडे मोटारीची किल्ली घ्यायला जातो, राम राम करतो आणि किल्ली घेऊन येतो.