भाड्याचे पाहुणे

आमच्या हडपसरच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक पाटी आहे. 'येथे फ्लॅट रोजच्या भाड्याने देण्यास सक्त मनाई आहे. ही सोसायटी आहे, लॉज नाही. फरक समजत नसल्यास सचिवांना विचारावे.' ही पाटी माझ्यासाठी लावली होती. ते सगळ्यांना माहीत होतं, मलाही. दर वेळी मी ती नीट वाचायची आणि लिफ्टचं बटण दाबायची.

राहायला आम्ही वारज्याला. हडपसरचा फ्लॅट मुलासाठी घेतलेला. तो तिथे जेमतेम वर्षभर राहिला आणि कॅनडाला गेला. "विकून टाका," म्हणाला. मला विकवेना. कायमचा भाडेकरू ठेवावा तर मुलगा सुट्टीवर आला की उतरणार कुठे, अशी माझी अडचण. तो काही आला नाही, हा भाग वेगळा. शेवटी त्यानेच तिकडे बसून फोटो टाकले आणि फ्लॅट रोजच्या भाड्याच्या अ‍ॅपवर चढवला. हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक इंग्रजी पाटीही लावायला लावली, 'गुड व्हाइब्ज ओन्ली'. अ‍ॅपच्या भाषेत मी होस्ट, म्हणजे यजमान झाले. घरात आधीच एक यजमान होते. ते म्हणाले, "जन्मभर शाळेत पोरांना शिकवलंस. आता लोकांच्या चादरी बदल."

अ‍ॅपवाल्यांना वाटतं लोक सुट्टी घालवायला येतात. हडपसरला कोण कशाला सुट्टी घालवायला येईल? येणाऱ्यांत निम्मे परीक्षेचे आणि मुलाखतीचे, आणि निम्मे जवळच्या हॉस्पिटलचे. हॉस्पिटलचे गेले की घर आवरताना लगेच कळायचं. बेसिनपाशी प्लॅस्टिकचा टब, कपाटावर विसरलेली एक्स-रेची फिल्म, उशीला औषधाचा वास. उशा मी गॅलरीत उन्हात टाकायची. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई त्या उशांकडे बघून म्हणायच्या, "बरेच नातेवाईक आहेत हो तुमचे."

नातेवाईकच. कारण मनाई झाल्यापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी फोनवर पढवून ठेवायची. गेटवरचा वॉचमन मोबाइलवर नोंद करतो: कोणाकडे, किती जण, कोण लागतात. ग्राहक म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. नुसतं पाहुणे म्हणून भागत नाही, नातं विचारतात. मग मी बोलण्यावरून नातं ठरवायची. नागपूरकडचे असले की नणंदेच्या सासरचे. कोल्हापूरकडचे असले की माझ्या माहेरचे. हिंदी बोलणारे सगळे मुलाच्या ऑफिसमधले मित्र. यात माझा हात चांगला बसला होता. शाळेत इतकी वर्षं नाटकं बसवली, ती अशी कामाला आली.

तर त्या वर्षी गणपतीच्या आधी इंदापूरकडचं एक जोडपं आलं. बुकिंग त्यांच्या पुतण्याने केलं होतं. नवऱ्याला अन्ननलिकेचा कर्करोग होता, आणि रोज रेडिएशनचा शेक घ्यायला हॉस्पिटलात जायचं होतं. मूलबाळ नाही. आडनाव बघितलं तर आमचंच. मला बरंच वाटलं, एक खोटं तरी आयतं मिळालं. मी बाईंना फोनवर सांगितलं, "गेटवर सांगा, चुलत दीर आणि जाऊ. माझ्या यजमानांच्या गावाकडचे."

बाकीचे लोक गेटवर नातं सांगायचे आणि लिफ्टमध्ये विसरायचे. ही बाई विसरली नाही. किल्ली द्यायला गेले तर दारातच माझा हात धरून म्हणाली, "या जाऊबाई." मी हात सोडवून घेतला. मला असली सलगी आवडत नाही. गिझर कसा लावायचा ते दाखवलं आणि नियम सांगितले. गृहस्थ गॅलरीत पांढऱ्या कपड्यांत बसले होते. बोलायचा त्यांना त्रास व्हायचा, त्यांनी नुसते हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "जाऊबाई, खलबत्ता हाय का? ह्यास्नी गोळी गिळंना. कुटून द्यावी लागती." त्या स्वयंपाकघरात मुलाच्या सांगण्यावरून बाटलीचं बूच काढायचा स्क्रू होता, कॉफीचे सहा मग होते, खलबत्ता नव्हता. मी कटकट करत वारज्याहून घरचा पितळी खलबत्ता नेऊन दिला. तिने तिथल्या तिथे गोळी कुटली, पाण्यात कालवली आणि चमच्या चमच्याने त्यांना पाजली. तेवढ्यासाठी बराच वेळ गेला. मी तिथे का थांबले ते मला सांगता येणार नाही. जाताना तिने मला कुंकू लावलं.

पुढे एके सकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा तिचा फोन आला.

"जाऊबाई, ह्ये उठत न्हाईत."

घरी 'चादरी बदलायला जाते' एवढंच सांगून मी स्कूटर काढली. वारज्यापासून हडपसरपर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते: आता सगळं उघड होणार. त्या बाईचं काय होणार हे नंतर सुचलं. आधी राग आला, त्या पुतण्याचा, अ‍ॅपचा आणि मरायला माझंच घर सापडलं म्हणून त्या माणसाचासुद्धा. आणि भीती वाटत होती. मेलेलं माणूस मी पाहिलेलं होतं. आपलं नसलेलं मेलेलं माणूस आपल्या घरात, हे पाहिलं नव्हतं.

दार उघडं होतं. समोरच्या बाई माझ्या आधी येऊन सगळ्याला लागल्या होत्या. त्यांनी आणि वॉचमनने मिळून गृहस्थांना खाली घेतलं होतं. तोंडात तुळशीचं पान ठेवलेलं, उशाशी दिवा. तुळस आणि दिवा दोन्ही त्यांच्याच घरचं, कारण आमच्या फ्लॅटमध्ये तसलं काही नव्हतंच. वर भिंतीवर ती इंग्रजी पाटी. बाई भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. तिच्या पायाशी खलबत्ता होता, त्यात अर्धी कुटलेली गोळी.

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"अहो, तुमचे दीर गेले," समोरच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर काय उभ्या?"

बाईने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सुटले असते. हे माझे कोणी नाहीत, भाड्याने राहायला आले होते. फ्लॅटचं व्हायचं ते झालं असतं. पण मग त्या मजल्यावरचे लोक एकेक करून मागे सरकले असते, पोलिसांना बोलवा, हॉस्पिटलला कळवा म्हणाले असते, आणि ती बाई परक्या शहरात परक्या फरशीवर एकटी आपलं माणूस घेऊन बसली असती. तिलाही ते कळत होतं. ती हळूच म्हणाली, "आजचा दीस तरी ऱ्हावा जाऊबाई."

मी आत गेले आणि तिच्या शेजारी बसले.

पुतण्याला फोन मीच लावला. तो म्हणाला, "बॉडी गावाकडं कुठं आणता? तिथंच उरका. मला निघायला उशीर होणार. आणि तुम्ही आपले भावकीतलेच हाय की, काकू म्हनत होती." माझं खोटं इंदापूरला जाऊन माझ्याकडे परत आलं होतं. मी फोन ठेवला.

तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलचे कागद बघून दाखला दिला. तिरडीचं सामान आलं. आणि मग समोरच्या बाईंनी विचारलं, "मडकं कोण धरणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेलेल्याला मुलगा नाही, पुतण्या येत नाही. मग राहिला कोण, तर चुलत भाऊ. वारज्याला पेपर वाचत बसलेला.

मी ह्यांना फोन केला. आमचे हे मूळचे कसब्यातले. सख्ख्या काकांच्या वेळी 'हे सगळं मला पटत नाही' म्हणून बाजूला उभे राहिलेले. मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू सकाळी चादरी बदलायला गेली होतीस ना?" मला तिथे, त्या सगळ्यांसमोर रडू फुटलं. आल्यापासून मी पहिल्यांदाच रडले. समोरच्या बाईंना वाटलं, दिरासाठी. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

हे रिक्षाने आले. खांदा आखडलेला, हात वर जात नाही, तरी मडकं धरलं. विद्युतदाहिनीपाशी पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, आणि तिथल्या माणसाने 'मयताचे कोण?' विचारलं तेव्हा 'भाऊ' म्हणाले. चुलतसुद्धा म्हणाले नाहीत. हे मला वॉचमनने सांगितलं, तो बरोबर गेला होता. घरी आल्यावर ह्यांनी आंघोळ केली आणि एवढंच म्हणाले, "हलका होता फार. काही उरलंच नव्हतं त्याच्यात."

संध्याकाळी समोरच्या बाई पिठलं-भात घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजाऱ्यांनी आणायचा असतो तसा. जिथे गृहस्थांना खाली घेतलं होतं तिथे पीठ पसरून दिवा लावलेला होता. आम्ही तिघी जमिनीवर बसलो. बाई जेवत नव्हती, तेव्हा समोरच्या बाईंनी घास कालवून तिच्या हातात दिला. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. उद्याच्या बुकिंगवाले विचारत होते, सकाळी लवकर आलं तर चालेल का.

बाईने माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला न सांगता कळलं.

"उद्या पावनं यायचं असत्याल न्हवं? मी सकाळच्याला जाते."

"कोणी येत नाही," मी म्हटलं आणि तिच्यासमोर बुकिंग रद्द केलं.

समोरच्या बाई ताटातलं पिठलं बोटाने गोळा करत म्हणाल्या, "बरोबर आहे. भावकी म्हणजे दहा दिवस सुतक. दहा दिवस कोणाला आणू नका इथे. मंडपातही येऊ नका यंदा, तुमची आरती आम्ही करू." मग म्हणाल्या, "एवढे पाहुणे येऊन गेले हो तुमच्याकडे. सुतक मात्र पहिल्यांदाच लागलं."

मी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्या ताटं उचलून घासायला घेऊन गेल्या.

पुतण्या दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आला. वर आलाच नाही, खालून हॉर्न वाजवला. बाई तांबड्या फडक्यात बांधलेल्या अस्थी पोटाशी धरून उभी राहिली. खलबत्ता तिने घासूनपुसून ओट्यावर ठेवला होता. मी म्हटलं, घेऊन जा. ती म्हणाली, "आता काय कुटू त्यात?" जीपमध्ये बसताना तिने मला वाकून नमस्कार केला, धाकटी जाऊ थोरलीला करते तसा. मला तिचं पहिलं नावसुद्धा माहीत नव्हतं. अजून नाही.

सुतक आम्ही पाळलं. म्हणजे मी पाळलं, आणि हे मला काही बोलले नाहीत. गणपती आले. हडपसरचा फ्लॅट बंद, गॅलरीत उशा नाहीत.

त्यातच एका दुपारी गेटवरून फोन आला. वॉचमन नवीन होता, ड्यूटी बदललेली. त्याला मोबाइलवरच्या जुन्या नोंदी बंद करायच्या होत्या.

"मॅडम, तुमच्याकडे दोन पाहुणे आलेले. त्यातले एक गेले, नोंद आहे. दुसरे अजून आतच दाखवतंय. गेले का ते?"

शववाहिनी आली तेव्हा गेटवर कोणी नोंद केली नव्हती. कोण करणार?

"मॅडम? पाहुणे गेले का?"

हा प्रश्न मी इतकी वर्षं ऐकत आले होते. "हो, गेले," म्हणायचं, की तो बटण दाबतो आणि पुढचे यायला मोकळे. तो पलीकडे हॅलो, हॅलो करत राहिला.

"ते पाहुणे नव्हते," मी म्हटलं. "माझे दीर होते. गेले."