बूड नसलेले आठ रांजण

चार जणांनी ओढून सरुबाईला वाळूतून वर काढलं. कमरेपर्यंत गाडली गेली होती. वर आल्या आल्या बाई काय बोलली, तर "माझी वाटी खालीच ऱ्हायली की!"

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. मी सरकारी खात्यात ओव्हरसियर होतो. म्हणजे कामावर उन्हात उभं राहायचं, आणि काही बिघडलं की शिव्याही खायच्या. तेरणा नदी पार आटली होती. पिण्याचं पाणी मिळायचं ते पात्रातल्या झिऱ्यातून. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. सहा फूट खाली पाणी पाझरतं, ते वाटीवाटीनं कळशीत भरायचं. बौद्धवाड्याचा झिरा वेगळा, गावाच्या खालच्या अंगाला, आणि तिथली वाळू जास्तच भुसभुशीत. कड कधी ढासळेल नेम नाही. सरुबाई अंगानं काटकुळी, म्हणून सगळ्या वस्तीसाठी तीच खाली उतरायची. वाचली ती नशिबानं. पण पाणी रोज लागतं, म्हणजे उतरणंही रोजचंच.

उपाय सोपा होता. खड्ड्यात सिमेंटचे पाईप उभे करायचे. पण सिमेंट परमिटवर. माझी मागणी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा मी डेप्युटी इंजिनिअर साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो.

"अहो, मोठ्या कामांना पुरत नाही सिमेंट, तुमच्या खड्ड्याला कुठून आणू?" साहेब म्हणाले. "आणि हे बघा, उद्या आमचे मेहुणे येतायत. जीप घ्या, त्यांना तेरचं म्युझियम दाखवा. बाजाराचा दिवस आहे, बाजारही करतील."

माझं डोकंच फिरलं. इकडं बाई मरता मरता वाचलीय, आणि मी पाहुण्यांना जुनी मडकी दाखवत हिंडायचं! पण नोकरी होती. गेलो.

मेहुणे भलतेच हौशी. एकेका कपाटापुढं पाच-पाच मिनिटं. मणी बघ, मातीच्या बाहुल्या बघ, शंखाच्या बांगड्या बघ. त्यांच्या मिसेस पदरानं वारा घेत होत्या, मी जांभया देत होतो. कोपऱ्यात भाजलेल्या मातीची मोठी कडी एकावर एक रचलेली होती. अडीच फूट रुंद, वीतभर उंच.

"हे काय, चुलाण का?" मेहुण्यांनी विचारलं.

"विहीर आहे," तिथले म्हातारे कीपर म्हणाले. "मऊ जमिनीत कड ढासळू नये म्हणून आत अशी कडी बसवायचे. दोन हजार वर्षांपूर्वीची आहे."

माझी झोपच उडाली. "खाली कशी उतरवायचे?"

"ते मला काय ठाऊक? मी नोंदी ठेवतो आणि धूळ पुसतो."

मला मात्र ठाऊक होतं. पुलाचा पाया घालताना आम्ही तेच करतो. वाळूवर कडं ठेवायचं आणि आतून माती काढत जायचं. कडं आपल्या वजनानं खाली बसतं. मग त्यावर दुसरं. पुलाला काँक्रीटचं कडं असतं, इथं मातीचं होतं, एवढाच फरक.

पाहुण्यांना घोंगडीवाल्यापाशी सोडलं आणि तडक कुंभारांच्या ओळीत घुसलो. सोपान कुंभार पन्नाशीचा, तिथल्या कुंभारांच्या सोसायटीचा चेअरमन. त्याला हातवारे करून सगळं समजावलं.

"असं तोंडी न्हाय कळत, साहेब. वस्तू दावा."

"इथंच तर आहे, म्युझियममध्ये!"

"आमी कशाला जातोय तिथं? ते तुमा लोकांचं."

ओढतच नेला. कीपर नको नको म्हणत होते, पण गड्यानं कड्यात हात घातलाच. आतून बोटं फिरवली आणि चेहराच खुलला. "हे चाकावरचं न्हाय. वळ्या एकावर एक लावून थापलंय. हितं बघा, बोटं उमटल्याती. अवो, आमी रांजण करतो तसंच हाय! फकस्त बूड करायचं न्हाय."

"जमेल?"

"जमंल की. पण चिखलाला पाणी?" मग आपणच म्हणाला, "न्हाणीचं वापरू. बाया कावतील, कावू द्या."

बाहेर येऊन पाहतो तर दोन तास झालेले. मेहुणे आणि मिसेस तापलेल्या जीपमध्ये, मांडीवर घोंगडी. परत येईपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आधी त्याबद्दल झाडलं. ते संपल्यावर मी कड्यांचं काढलं.

"शेड्यूलमध्ये असा आयटम आहे का?" शेड्यूल म्हणजे सरकारला मान्य असलेल्या कामांची यादी. त्यात नाही ते जगात नाही.

"नाही, साहेब. पण कामावरच्या मजुरांसाठी पाण्याचे रांजण आहेत. आणि सोसायटीकडून घेतले तर टेंडर लागत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "रांजणच ना?"

"रांजणच. बूड तेवढं नाही."

चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग सही केली. माणूस वाईट नव्हता.

पहिल्या भट्टीत तीन कडी तडकली. पुन्हा केली. आठ कडी कडब्यात गुंडाळून बैलगाडीनं नदीत आणली. आता आत बसून वाळू उपसणार कोण? अडीच फुटांत कुणी धड मावेना. सरुबाई खुरपं घेऊन पुढं आली.

"मावशी, तुम्ही नको," मी म्हणालो.

"मग काय तुमी मावताय व्हय?" बाया खदखदून हसल्या. मी तेव्हा चांगलाच गुटगुटीत होतो.

ती उतरली. आतून वाळू काढून टोपलं वर देई, कडं बोटबोट खाली सरके. चौथं कडं बसत असताना बाहेरची वाळू एकदम धसकली. मी "दोर! दोर!" करून ओरडलो. सोपाननं वरचं कडं दोन्ही हातांनी दाबून धरलं. आतून आवाज आला, "वरडताय कशाला? मला काय बी झालं न्हाय." वाळू कड्याला टेकून थांबली होती.

दुसऱ्या दिवशी आठही कडी जागेवर होती आणि तळाशी हातभर नितळ पाणी. सरुबाईनं काठावर बसून पोहरा सोडला, ओढला. पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. आणि अचानक पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"काय झालं, मावशी?"

"काय न्हाय. रोज निघताना पोरीला सांगायची, म्या न्हाय आले तर भाकरी दुरडीत हाय, खा. आता उद्या तिला काय सांगू?"

मी उगीच टेप काढून खोली मोजायला लागलो.

पुढं ऑडिटचा मेमो आला. आठही रांजण बुडाशिवाय का स्वीकारले, खुलासा करावा. मी लिहिलं, बूड असते तर पाणी आत आले नसते. त्यावर कुणी पुन्हा विचारलं नाही.

नंतरच्या नोकरीत पुष्कळ विहिरी बांधल्या, सिमेंटच्याच. पण सामानाअभावी काम थांबलंय असं कुणी ज्युनिअर सांगायला आला की मी त्याला विचारायचो, हे सामान निघायच्या आधी लोक काय करत होते? बहुतेकांना माहीत नसायचं. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतलेला माणूस, मलाही कुठं माहीत होतं?