ओढ्याकाठचा कॅम्पर

घटस्फोटात लिओटा बॅगेटला जमीन मिळाली, पण उताराची. वरचं घर, विहीर, गुरांचा गोठा सगळं तिच्या नवऱ्याकडे, हार्लनकडे राहिलं आणि खालचा ओढ्याकाठचा दगडाळ तुकडा तिच्या नावावर झाला. तेव्हा तिला त्याचं सुखदुःख नव्हतं. ती गावात भाड्याची खोली घेऊन राहिली आणि कोंबड्यांच्या कारखान्यात लागली. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या कोंबड्या कापता कापता वर्षं गेली, आणि एक दिवस मनगटंच कामातून गेली. सुरी हातातून निसटायला लागली तसं मुकादमाने तिला घरी बसवलं. खोलीचं भाडं मात्र घरी बसायला तयार नव्हतं.

चर्चमधल्या एका म्हाताऱ्याच्या परसात एक जुना कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, कुजत पडला होता. ओढून नेणार असशील तर फुकट ने, तो म्हणाला, मला तिथलं गवत तरी कापता येईल. लिओटाने आपल्या पिकअपला तो जोडला आणि हळूहळू डोंगरात आणला. तिच्या तुकड्याकडे जाणारी वाट हार्लनच्या घरावरूनच जाते. ओट्यावर त्याची दुसरी बायको ट्रूडी वाल सोलत बसली होती. तिने मान वळवून तो कॅम्पर उताराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत पाहिला.

मग काय, गावाला विषय मिळाला. दुकानात कुणीतरी म्हणालंच, "लिओटा, सवतीच्या अंगणात बिऱ्हाड थाटलंस म्हणे?"

"अंगण तिचं. ओढा माझा," ती म्हणाली आणि बटाटे निवडत राहिली.

तिने छपराला डांबर फासलं, उंदरांची भोकं पत्र्याने बुजवली. एका खिडकीची काच काढून तिथून लोखंडी शेगडीचं धुराडं बाहेर काढलं. जमिनीत कुदळ शिरेना, म्हणून जुन्या टबांत माती भरून टोमॅटो आणि मिरच्या लावल्या. पिण्याचं पाणी ती चर्चच्या नळावरून पिंपात भरून आणायची. आमच्या विहिरीचं घेत जा, असा ट्रूडीचा निरोप आला होता. लिओटाने नको म्हणून कळवलं. ती विहीर खणली तेव्हा मशीनवाल्यांना जेवू तिनेच घातलं होतं. आता तिथेच बादली घेऊन उभं राहायचं, हे तिच्याने होण्यासारखं नव्हतं.

पानगळ संपता संपता एका दुपारी ट्रूडीच खाली आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बिडाचा तवा.

"थोडे दिवस राहू का गं तुझ्याकडे?"

लिओटाने आधी तव्याकडे पाहिलं. तवा घेऊन निघालेली बाई सहज परत जायची नाही, एवढं तिला कळत होतं. तिने कॅम्परमधलं घडीचं टेबल खाली बसवलं, वर गाद्या अंथरल्या, पलंग झाला.

"मारलं का त्याने?"

"छे गं. बोलतच नाही. महिना झाला. मीठ हवं असलं तर बोट दाखवतो."

"माझ्या वेळेला मी रेडिओशी भांडायला लागले होते," लिओटा म्हणाली. आधी ट्रूडीला हसू फुटलं, मग तिलाही.

ते हसू चारदोन दिवस पुरलं. ट्रूडी डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत बोलायची. बहिणीचं ऑपरेशन, शेजारणीचा कुत्रा, स्वप्नात काय आलं, घेवडा किती शिजवावा. कॅम्परमध्ये उठून जायला दुसरी खोली नव्हती. बाहेर बर्फ भुरभुरत होता तरी लिओटा लाकडं फोडायला जायची, दुखऱ्या मनगटांनी. कुऱ्हाड टेकवून उभी असताना एकदा तिला हार्लनची दया आली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती चढ चढून वर गेली. घटस्फोटानंतर त्या स्वयंपाकघरात तिचं पाऊल पडलं नव्हतं. हार्लन डब्यातलंच काहीतरी गार खात बसला होता. तिने सरळ सांगितलं, खाली ये आणि तिच्याशी चार शब्द बोल; गाईंबद्दल बोललास तरी चालेल.

"मला सुचत नाही गं," तो म्हणाला. त्याने डब्यात चमचा फिरवला. "तुझ्याशीही बोललो नाही कधी. चुकलंच ते."

हे ऐकायला एके काळी तिने काय वाटेल ते दिलं असतं. आता तिला फक्त खुर्चीवर बसावंसं वाटलं. ती बसली.

"हे मला सांगून आता काय उपयोग? तिला सांग. आणि तीही जरा जास्तच बोलते, हेही तोंडाने सांग. बोट दाखवू नकोस."

तो तिच्या मागोमाग उतरला. ती मुद्दाम ओढ्याकडे गेली आणि गार पाण्यात भांडी घासत बसली. कॅम्परमधून आधी ट्रूडीचाच आवाज येत होता. मग तोही थांबला आणि हार्लनचं खालच्या पट्टीतलं, अडखळत चाललेलं बोलणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते, ते कळून घ्यायची तिची इच्छाही नव्हती.

ट्रूडी लगेच परतली नाही. आधी आर्कान्सॉला बहिणीकडे गेली, वसंतात डॉगवूडची झाडं फुलल्यावर आली. त्यांचं अजूनही अधूनमधून वाजतं. पण वाजतं, म्हणजे दोघांचाही आवाज असतो. रविवारी चर्चनंतर ती लिओटाकडे खाली येते, शेगडीपाशी पाय पसरून आठवड्याचं सगळं सांगते. लिओटा मक्याचा पाव भाजता भाजता निम्मं ऐकते. मग ती गेल्यावर दार लावून घेते, कॉफी ओतते आणि टेबलाशी एकटी बसते.