वास न घेतलेले हार

भवानी पेठेच्या कोपऱ्यावरची फुलवाली रोज वळसंगहून निशिगंध घेऊन येते. कुणी फूल नाकाशी नेलं की ती डाफरते, "वास घिऊ नका! मग देवाला चालत न्हाय." स्वतःही कधी घेत नाही, गजरा बांधताना तोंड बाजूला वळवून बसते.

माझ्या लेकीचं लग्न ठरल्यावर तिनं आपणहून विचारलं, "ताई, पोरगी केवढी उंच हाय? हार लांबीला नीट बसाय पायजे की." लेकीला मात्र हार आणि गुच्छ कापडी फुलांचे हवे होते, फोटोत कोमेजत नाहीत म्हणून. तसं सांगायला मला जड गेलं. मी सरळ खोटं बोलले, "मावशी, लग्न साधंच आहे, हारबीर काही नाही."

लग्नाच्या सकाळी ओल्या फडक्यात दोन हार घेऊन ती हॉलच्या दारात उभी! "फुलाबिगर लेक कशी उभारंल?" म्हणाली, आणि तेवढ्यात तिला आतले कापडी गुलाब दिसले. ढीगभर. मला मान वर करवेना.

तिनं दोन्ही हार दारातल्या गणपतीला घातले. मग लेकीचा गुच्छ हातात घेतला, नाकाशी नेला आणि मला म्हणाली, "ह्येचा वास घेतला तरी चालतंय की, ताई."