विरजणाची वाटी

आजही विरजण लावताना दह्याचा आंबूस वास आला की माझ्या हातातला चमचा थांबतो आणि रहाटणीतली आमची शेजारीण रेश्मा आठवते. नवरा मारायचा तिला. तक्रार झाल्यावर चौकीतल्या मॅडमनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं होतं, "जिवाची भीती वाटली तर काकूंकडे विरजण मागायला जा. काकू, तुम्ही लगेच आम्हाला फोन करा."

त्या दुपारी रेश्मा वाटी घेऊन दारात आली, पाठोपाठ नवरा. "काकू, विरजण द्या ना थोडं."

आणि माझी ही जीभ! पटकन बोलून गेले, "अगं, आज दूधवाला कुठं आलाय?"

नवऱ्यानं तिच्याकडे रोखून बघितलं. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. "हां, पिशवीचं आणलं असशील. मीच वेंधळी!" म्हणत वाटी घेऊन आत पळाले आणि फोन लावला. मग गाडी येईपर्यंत दोघांना दारातच बोलण्यात गुंतवलं, दही लावायच्या शंभर तऱ्हा सांगितल्या. मॅडमनी येताच त्याला खाली नेलं आणि तिला एकटीला विचारलं. त्याच संध्याकाळी रेश्मा माहेरी गेली.

बायका अजून म्हणतात, काकूंच्या बडबडीनं पोरगी वाचली. ती बडबड आधी काय करून बसली होती, ते रेश्मानं कधी कुणाला सांगितलं नाही.