दहा मिनिटांचा पक्षी

जुनं शहर बघायचं म्हणून मी शाळेतून चार दिवसांची रजा काढली. मुख्याध्यापिकांनी नाक मुरडलं, पण दिली. उतरायला मामाचं घर होतंच. मामाला कामावरून सुट्टी नव्हती आणि मामीचे गुडघे तिला दोन गल्ल्यांपलीकडे जाऊ देत नव्हते, तेव्हा पहिल्याच दिवशी मी शहरदर्शनाच्या बसचं तिकीट काढून एकटीच निघाले. तटाचा दरवाजा झाला, संग्रहालय झालं, आणि बसच्या तिसऱ्या थांब्यावर बघण्यासारखी गोष्ट म्हणून आमच्यापुढे ठेवला होता तो माझा मामा.

मामा एका मोठ्या शोरूममध्ये चिनी मातीच्या ताटल्या रंगवतो, एवढंच मला ठाऊक होतं. प्रत्यक्षात तो तळमजल्यावर एका चौथऱ्यावर, नक्षीदार खुर्चीत, भरजरी टोपी घालून बसला होता. घरी तो बनियनवर असतो. मी हात केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर ताटलीवर नेली. ओळख नाही, काही नाही. मला रागच आला.

"हे आमचे उस्ताद," गाईड म्हणाला. "यांच्या घराण्यात सात पिढ्या ही कला आहे. काम करताना उस्ताद मौन पाळतात."

माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, पोस्टात होते. आणि मामाचं मौन? आमच्या घरात कुणाच्या तोंडाचा पट्टा सगळ्यात जास्त चालत असेल तर याचा. त्या मौनाचं मूळ मला संध्याकाळी मामीकडून कळलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बाईंनी विचारलं, वरच्या मजल्यावर विकायला ठेवलेल्या ताटल्या तुम्हीच रंगवल्या का? मामानं खरं ते सांगून टाकलं, की त्या कारखान्यातून येतात आणि त्यांच्यावरची चित्रं छापून चिकटवलेली असतात. बाई काही न घेता निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून उस्तादांनी मौन धरलं.

पण हात मात्र बघत राहावा असा होता. पांढऱ्याशुभ्र ताटलीवर आधी चोच, मग डोळा, मान, छाती आणि पिसापिसानं एक पंख. कुठं अडखळणं नाही, खोडणं नाही. गाईडचं भाषण आणि मामाचा पंख एकदमच संपले. गाईड टाळी वाजवून म्हणाला, "चला, आता वर जाऊ या." सगळे जिन्याकडे वळले. मी मागे रेंगाळले म्हणून मला पुढचं दिसलं. मामानं शेजारच्या वाडग्यातलं ओलं फडकं उचललं, ताटलीवरून दोनदा फिरवलं आणि पक्षी पुसून टाकला. भट्टीत जाईपर्यंत हा रंग कच्चाच असतो, पाण्यानं जातो. दिवसाला सात बस येतात. ताटली तीच.

"एवढा सुंदर पक्षी पुसायचा कशाला?" घरी आल्यावर मी विचारलं.

"दुसरी बस उभी असते ना," मामा म्हणाला.

"पण पुरा तरी कर. त्याला ना शेपटी, ना पाय."

"दहा मिनिटांत तेवढाच होतो गं."

चौदा वर्षं. तेवढ्या वर्षांत त्यानं एकही पक्षी पुरा केला नव्हता. त्याआधी तो नऊ वर्षं एका गुरूंच्या हाताखाली होता. तिथं त्यानं कमरेएवढ्या बरण्या रंगवल्या होत्या, आणि त्यानं कडेला काढलेल्या वेली बघायला दुसरे कारागीर यायचे, असं मामी सांगते. गुरू गेले, कारखाना बंद झाला, आणि मामा तात्पुरता म्हणून शोरूममध्ये बसला. घरात त्याच्या हातची एकही वस्तू नाही. चहा आम्ही स्टीलच्या कपांतून प्यायलो.

"गुरुवारनंतर बघ," मामी मला हळूच म्हणाली. गुरूंकडे मामासोबत शिकलेल्या एकानं तटाबाहेर स्वतःची भट्टी टाकली होती. त्याला मुख्य रंगारी हवा होता. त्यानं मामाला सांगितलं होतं, गुरुवारी ये, माझ्यासमोर एक ताटली पुरी रंगव. तीन वाजता भट्टी लावतो, तिच्यात तीही ठेवतो. शुक्रवारी माझा भागीदार भाजलेली ताटली बघेल, आणि त्याला पसंत पडली की सोमवारपासून तू आमचा.

म्हणजे त्या एका ताटलीवर मामाची सुटका होती. मी उगाच शब्द मोठा वापरत नाही. रात्री टोपी खुंटीला अडकवताना तो तिच्याकडे बघायचा, ते मी पाहिलं आहे.

मंगळवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर सरावाला बसला. चोच, डोळा, मान, छाती, पंख झरझर आले, आणि इथंच घोडं अडलं. ब्रश हवेत तसाच राहिला.

"पुढं आठवत नाही का?" मी विचारलं.

"आठवतं की. सगळं आठवतं." तो स्वतःच्या हाताकडे परक्यासारखा बघत होता. "हाच थांबतो. त्याला वाटतं, झालं काम."

मामी भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, चालू ठेवा." ब्रश हलला. पुन्हा थांबला की ती पुन्हा म्हणायची, "चालू ठेवा." असं करत करत बुधवारी जेवणाआधी दुसरा पंख झाला, शेपटी झाली. पाय जरा लंगडे आले. मामी म्हणाली, "पक्ष्याचे गुडघे माझ्यासारखे आहेत." कितीतरी दिवसांनी मामा खळखळून हसला असावा, कारण मामी चिरणं थांबवून त्याच्याकडे बघत राहिली.

गुरुवारी त्यानं दोन वाजेपर्यंतची रजा काढली होती. मामीला चालवणार नव्हतं, म्हणून 'चालू ठेवा' म्हणायची जबाबदारी माझ्यावर आली. भट्टीवाला साधा, रुंद हातांचा माणूस होता. त्यानं कोरी ताटली पुढ्यात ठेवली, रंग दिले, पाण्याचा वाडगा आणि फडकं दिलं, आणि स्टूल ओढून समोर बसला.

बाराच्या सुमारास मामानं चोच काढली. पहिला पंख झाला. ब्रश थांबला. मी हळूच म्हटलं, "मामा, चालू ठेव." तो पुढे सरकला. दुसरा पंख. मी पुन्हा म्हटलं. मग शेपटी. मग मला काही म्हणायची गरजच उरली नाही. पाय असे आले की वाटलं, हा आता ताटलीवरून चालायला लागेल. शेवटी कडेची वेल. ती एका पानापासून निघाली आणि सगळी ताटली फिरून बरोबर त्याच पानाला येऊन मिळाली. मामा गुणगुणत होता. त्याची मान ताठ होती, कपाळावर आठी नव्हती. हा माणूस आम्हाला कुणाला माहीतच नव्हता.

दीड वाजला. भट्टीवाला उठला, ताटलीवर वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. "गुरुजींनी बघायला हवं होतं रे," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. त्याचं घर भट्टीच्या वरच होतं. हात झटकत तो जिन्याकडे वळला आणि म्हणाला, "चला, आता वर जाऊ या. चहा घेऊ."

मामानं वाडग्यातलं फडकं उचललं, ताटलीवरून दोनदा फिरवलं.

मी ओरडायला तोंड उघडलं तोवर झालंही होतं. मामा फडकं हातात धरून ताटलीकडे बघत होता. फडकं रोज फिरायचं तेवढंच फिरलं होतं. चोच, डोळा, मान, छाती, पहिला पंख, सगळं गेलं होतं. दुसरा पंख तसाच होता. शेपटी होती, दोन पाय होते, भोवती अखंड वेल होती, आणि मध्ये पक्षीच नव्हता.

भट्टीवाला हसला नाही. तो परत येऊन स्टुलावर बसला. "हरकत नाही," तो म्हणाला. "तीनला अजून वेळ आहे. तेवढंच काढायचंय."

"मामा, दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं. "तू रोज सात वेळा करतोस ते. डोळे मिटून होईल तुझ्याच्यानं."

त्यानं ब्रश उचलला. रंगात बुडवला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि ब्रश स्वच्छ धुऊन ठेवून दिला.

"दोनची बस येईल," तो म्हणाला.

"येऊ दे. एक दिवस उशीर झाला तर काय होतं?"

"खुर्ची रिकामी दिसली तर दुसऱ्याला बसवतील गं. आणि इथं, सोमवारी, कुणी 'वर चला' म्हणालं तर?" तो भट्टीवाल्याकडे वळला. "माझा हात आता माझा राहिला नाही रे."

आम्ही दोघांनी त्याला नाना परीनं समजावलं. मी चक्क भांडले. तो ऐकून घेत घेत चपला घालत होता. पावणेदोनला तो निघाला, झपाझप, शाळेची घंटा चुकेल म्हणून मुलं चालतात तसा. मी गेले नाही. तिथंच स्टुलावर बसून रडले.

पुढच्या अर्ध्या तासात त्यानं तिकडे तोच पक्षी काढला असणार, जेवढा इथं हवा होता नेमका तेवढाच, आणि बस वर गेल्यावर पुसला असणार. मामीला काय सांगायचं ते त्यानं माझ्यावर सोपवलं होतं. मी सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी यायला हवं होतं. गुडघे मेले."

भट्टीत जागा शिल्लक होती, म्हणून भट्टीवाल्यानं ती ताटली तशीच आत ठेवली होती. भागीदाराला दाखवली नाही, मला दिली. आता तिच्यावरचा रंग पक्का आहे, कितीही घासा, जात नाही. मी ती घरी भिंतीवर लावली आहे. येणारे विचारतात, मधला पक्षी कुठं गेला? मी सांगते, कामावर गेलाय.